पारोशा तोंडाची लाळ

१६ जून २०२१, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे. यंत्राचा पडदा उजळला, आणि एव्हाना ज्या रेषांनी चढण चढायला हवी होती त्यांतल्या कितीतरी रेषा पायथ्याशीच आडव्या पडून होत्या. माझ्या मागे ढोबळे काका उभे होते. आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ, मूळचे गोंदियाचे. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "मॅडम, विषाणूचं राहू द्या. इथं माणूसच सापडून नाही राहिला."

वाक्य विनोदाचे होते, पण तांत्रिकदृष्ट्या अचूक होते; म्हणून आधी तेच समजावून सांगते. लाळेतून विषाणू शोधताना आम्ही प्रत्येक नळीला दोन प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न विषाणूचा नसतोच. तो असा असतो: या नळीत माणूस आहे का? प्रत्येक माणसाच्या पेशींत हमखास असणारा एक जनुक यंत्र आधी शोधते. तो सापडला, तर नळीत खरोखरीची लाळ आहे आणि तपासणीची रसायने आपले काम करत आहेत, असे समजायचे. मगच दुसरा प्रश्न: विषाणू आहे का? यंत्र नळीतला जनुकीय धागा फेरीगणिक दुप्पट करत जाते आणि कितव्या फेरीत तो दिसू लागला तो आकडा देते. आकडा लहान, तर मूळ माल भरपूर. आकडा मोठा, तर कणभर. आकडाच नाही, तर माल नाही. मात्र 'नाही' हे उत्तर मान्य करण्यापूर्वी उत्तर देणारा शुद्धीवर आहे ना, हे पाहावे लागते. त्या दुपारी रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून आलेल्या नळ्यांपैकी बऱ्याच नळ्या शुद्धीवर नव्हत्या. अशा नळीसमोर आम्ही 'अनिर्णित' असा शेरा देतो.

त्या वेळी मी सूक्ष्मजीवशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घेऊन रायपूरच्या एका खाजगी प्रयोगशाळेत लाळ-तपासणीचा नवा विभाग उभारत होते. विभाग नावारूपाला यावा आणि त्यासोबत माझेही नाव व्हावे, अशी माझी स्वच्छ इच्छा होती. आमचे घर शहरातल्याच बूढापाऱ्यात. घरी माझ्या या महत्त्वाकांक्षेचे रूपांतर वेगळ्याच प्रश्नात झाले होते. आई म्हणे, "काय वो, दिवसभर थुक्काच तपासून राहिली का तू? पाहुण्यायनं विचारलं, पोट्टी काय करते, तर मी काय सांगू?" मी म्हणायचे, "आण्विक निदान करते म्हणून सांग." आई म्हणे, "म्हंजे थुक्काच ना?"

म्हणजे लाळच. थुंकी आणि लाळ यांत आमच्या कामात मोठा फरक आहे. खाकरून काढलेला कफ चिकट असतो, तो नळीतून थेंबाथेंबाने उचलता येत नाही. आम्हाला हवी असते ती तोंडात आपसूक झरणारी लाळ. मान किंचित पुढे झुकवायची, ओठ सैल सोडायचे, लाळ जिभेखाली साचू द्यायची आणि नळीत ओघळू द्यायची. नाकात कांडी घालायला प्रशिक्षित माणूस लागतो, आणि कांडी मागे घशापर्यंत गेली की भलेभले गडी हात झटकतात. लाळ मात्र ज्याची त्यानेच द्यायची असते. शिवाय आमच्या पद्धतीत धागा वेगळा काढण्याची महागडी पायरी नव्हती. लाळ तापवायची, एका विकराने, म्हणजे एन्झाइमने, तिच्यातली प्रथिने मोडायची आणि थेट यंत्रात ठेवायची. पद्धत स्वस्त होती, जलद होती आणि त्या टंचाईच्या दिवसांत मोठ्या सोयीची होती. तिचा दुबळेपणा एवढाच की लाळेत जे काही असेल ते सगळे यंत्रापर्यंत पोहोचे.

अडचणी यायच्या त्या मात्र विज्ञानाबाहेरच्या. आमच्या नमुना-टेबलामागच्या भिंतीवर जुना फलक होता: 'यहाँ थूकना मना है'. एक निवृत्त बडे बाबू नळी हातात धरून बराच वेळ त्या फलकाकडे पाहत राहिले आणि शेवटी मला म्हणाले, "बेटा, पहले आप लोग आपस में तय कर लो." फलक काढायचा अर्ज मी केला होता, परवानगी अखेरपर्यंत आली नाही. आम्ही त्यावर कॅलेंडर टांगले.

दुसरे गिऱ्हाईक आठवते ते एक मुकादम. त्याने आपल्या पाच मजुरांच्या नळ्या स्वतःच्या हाताने आणून दिल्या. पडद्यावर पाचही रेषा एकीवर एक अशा चढल्या की पाच रेषांची एकच रेषा दिसावी. पाचही जणांना लागण, आणि पाचही आकडे जवळजवळ सारखे. ढोबळे काकांनी त्याला फोन लावला. "क्यों भैया, पाँचों का मुँह एक ही है क्या?" पलीकडून आवाज आला, "साहब, लड़के लोग ड्यूटी पे थे. टाइम बचाने के लिए मैंने ही थूक दिया." पाच निरोगी मजूर एका खोलीत बंद होते आणि ज्याला लागण होती तो गावभर फिरत होता. त्या दिवसापासून नळी देणाऱ्याने आमच्या माणसासमोरच लाळ द्यावी, असा नियम झाला.

या नियमामुळेच सुकवारोबाईंची आणि माझी पुढे ओळख झाली.

सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्यातल्या सगळ्या कामगारांची तपासणी आमच्याकडे आली होती. सुकवारोबाई तिथल्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करत. त्यांच्या मुलीला शहरातल्या एका इस्पितळात वेळेआधीच मुलगी झाली होती. बाळ दीड किलोलाही भरले नव्हते. शस्त्रक्रियेनंतर मुलीला ताप होता, तिला उठून बसवत नव्हते. अशा बाळाला दिवसातले कितीतरी तास कुणाच्या तरी उघड्या छातीशी धरून ठेवावे लागते. ऊब मिळाली तर ते तग धरते. वॉर्डात अहवाल 'निगेटिव्ह' असलेल्या एकाच नातेवाईकाला प्रवेश होता. जावई दुकालूचा तसा अहवाल होता, तो आतही होता. पण एवढ्याशा जिवाला हात लावायला तो धजत नव्हता. त्याच्या जागी सुकवारोबाईंना जायचे होते. त्यांनी दोनदा नळी दिली होती आणि दोन्ही वेळा आमच्या यंत्राला त्यांच्या नळीत माणूस सापडला नव्हता.

कारखान्याचे कल्याण अधिकारी मिश्राजी यांनी मला फोन केला. माणूस सहृदय होता, पण घाईत होता.

"मैडम, वायरस मिला क्या?"

"नहीं मिला."

"तो नेगेटिव हुआ. सीधी बात है. लिख दीजिए, बेचारी चली जाएगी."

"मिश्राजी, वायरस भी नहीं मिला और आदमी भी नहीं मिला."

"आदमी मेरे सामने खड़ी है, मैडम! रो रही है!"

नाकातून नमुना घेण्याचा मार्गही बंद होता. आदल्या लाटेत कांडी घातल्यावर बाईंच्या नाकातून एवढे रक्त गेले होते की कारखान्याच्या डॉक्टरांनी पुन्हा तो प्रयोग नको असे सांगून ठेवले होते. म्हणजे सगळी भिस्त लाळेवर, आणि लाळ मुकी.

मी कारण शोधायला बसले आणि मला एक देखणे कारण सापडलेही. सिलतऱ्याच्या हवेत लोखंडाची काळी भुकटी असते. दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी राखाडी होतो. लोहकण तपासणीच्या विकराला अडथळा करतात, हे पुस्तकात वाचलेले होते. कामगारांच्या लाळेतले लोह आमची तपासणी बंद पाडते! शोधनिबंधाचे शीर्षकसुद्धा माझ्या मनात तयार झाले. मी कारखान्याच्या खिडकीतली धूळ मागवली, स्वतःच्या लाळेत मिसळली आणि नळी यंत्रात ठेवली. रेषा ऐटीत वर चढली. दुप्पट धूळ घातली, तरीही चढली.

"काहून एवढं तोंड उतरवून राहिल्या?" ढोबळे काकांनी विचारले. "तपासणी चालून राहिली ना?"

"म्हणूनच," मी म्हणाले.

खरे तर आकडे आधीपासूनच माझ्या कल्पनेच्या विरोधात होते. मी तिच्या प्रेमात असल्यामुळे मला ते दिसले नव्हते. दोष धुळीचा असता, तर कामावरून परतणाऱ्यांच्या नळ्या बिघडायला हव्या होत्या. इथे नेमके उलट होते. दुपारी पाळी संपवून आलेल्यांच्या नळ्या बोलक्या होत्या. सकाळी, कामावर जाण्याआधी दिलेल्या नळ्या मुक्या होत्या. बायकांच्या त्यातही जास्त. शिवाय मुक्या नळ्यांना किंचित तपकिरी छटा होती. तेव्हा उत्तर यंत्रात नव्हते, सिलतऱ्याच्या सकाळीत होते.

ती पाहायला मी आणि काका नमुना घेणाऱ्या गाडीतून सिलतऱ्याला गेलो. कामगारांच्या वसाहतीत नळाभोवती गर्दी होती. नमुना-टेबलापुढे रांग लागलेली, आणि रांगेतला प्रत्येक जण आपली पाळी जवळ आली की शेजारच्याला जागा राखायला सांगून नळावर जाई, कमरेच्या डबीतून बोटावर काळसर लगदा घेई, दात-हिरड्या मनापासून घासे, चूळ भरी, पदराने किंवा गमछ्याने तोंड पुसे आणि परत येऊन अतिशय अदबीने आमच्या नळीत लाळ सोडी.

तो लगदा म्हणजे गुडाखू; तंबाखू आणि गुळाची मळी कालवून केलेला. छत्तीसगडात हजारो घरांत सकाळ त्याने उजाडते. आमच्या सूचनाफलकावर अर्धा तास आधी काही खाऊ-पिऊ नये असे होते. पान, गुटखा, विडी नको असेही होते. गुडाखू नव्हता. रायपुरात वाढूनही मला तो सुचला नव्हता आणि रांगेतल्या कुणालाही तो त्या यादीतला वाटला नव्हता, कारण त्यांच्या लेखी ते व्यसन नव्हते. ती स्वच्छता होती.

रांगेत जी बाई सगळ्यांत निगुतीने दात घासत होती तिला मी विचारले, "अभी क्यों घिस रही हो, दीदी? घर में नहीं घिसा?"

"घसे हँव," ती म्हणाली, म्हणजे घासले होते. "फेर दुबारा घसत हँव. बासी मुँह के थूक सरकारी काम म कइसे देबो?"

त्याच सुकवारोबाई होत्या. शिळ्या तोंडाची लाळ कामासाठी द्यायची कशी, हा त्यांचा प्रश्न होता. दोनदा नमुना फुकट गेल्यावर आपलेच तोंड पुरेसे स्वच्छ नसेल, असे त्यांना वाटले होते, आणि म्हणून प्रत्येक वेळी त्यांनी आधीपेक्षा जास्त गुडाखू लावला होता. नातीकडे जाण्याची जितकी ओढ, तितकी दातघासणी जोरात, आणि तितकीच नळी मुकी. मला हसू आले नाही. आमच्या घरीही पारोशा तोंडाने देवापुढे कुणी जात नाही. मीही दोन्ही वेळा त्यांच्या जागी हेच केले असते.

शंका पुराव्याने मिटवायची म्हणून काकांनी ब्राह्मणपाऱ्यातल्या दुकानातून एक डबी आणली. तो माल लाळेच्या नळीत मिसळायचा होता. मी हातमोजे घालेपर्यंत काकांनी मात्र तो थेट स्वतःच्या हिरड्यांवर चोळला होता. थोड्याच वेळात ते खुर्चीत डोके धरून बसले.

"काका, नळीत घालायचा होता!"

"नमुना कसा असली पाहिजे ना," ते डोळे मिटूनच म्हणाले. "फक्त ही खोली थांबवा जराशी. लय फिरून राहिली."

काकांची आधीची लाळ यंत्रात बोलकी ठरली. गुडाखूनंतरची मुकी. मधली पायरी म्हणून मी तीच लाळ पाण्याने पातळ करत गेले तेव्हा रेषा हळूहळू डोके वर काढू लागली. तेवढा पुरावा मला पुरेसा होता. माणूस नळीत होता. गुडाखू त्याचे तोंड दाबून बसला होता. मग सुकवारोबाईंचा जुना नमुनाच पातळ करून का तपासला नाही, असे कुणी विचारील. लाळेसोबत विषाणूही पातळ होतो. थोडासा असेल तर हातचा निसटतो. ज्या अहवालावर दीड किलोच्या जिवाचा वॉर्ड उघडणार होता, त्यात मला तशी पळवाट नको होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकवारोबाई आमच्या व्हरांड्यात आल्या. गुडाखू नाही, चूळ नाही, पारोसे तोंड. त्या त्रासलेल्या होत्या. "नइ घसंव त मूड़ पिराथे, दीदी," कपाळ दाबत त्या म्हणाल्या. डोके तर दुखतच होते. पण खरी आफत वेगळीच निघाली. तंबाखूच्या सवयीने रोज सुटणारी लाळ आज सुटेचना. जीभ कोरडी, ओठ कोरडे, नळी कोरडी. खायला काही देता येत नव्हते. त्या नळीकडे पाहत आणि डोळे भरून येत. डोळ्यांतून मात्र पाणी भरपूर येत होते.

काकांनी खुर्ची अंतर राखून पुढे ओढली. "बाई, अमली खाती हो?" चिंच खाता का, असे ते विचारत होते.

"काबर नइ खाबो?" का नाही खाणार, म्हणून त्या जराशा दुखावूनच उत्तरल्या.

"लाटा बनाना आता है?"

लाटा म्हणजे चिंचेचा कुटून केलेला, काडीला लावून चोखायचा गोळा. स्वयंपाकीणबाईंना हा प्रश्न विचारणे म्हणजे वकिलाला कायदा विचारणे. नवी चिंच हवी, त्या सांगू लागल्या. जुनी काळी पडते. चिंचोके काढायचे. खलबत्त्यात मीठ आधी, मग हिरवी मिरची, मग कोथिंबीर, जिरे भाजून, आणि गूळ अगदी नखाएवढा, "नइ त लइका मन के लाटा हो जाही." पोरासोरांचा लाटा वेगळा, मोठ्यांचा वेगळा. मोठ्यांच्या लाट्याने दात आंबले पाहिजेत, कान गरम झाले पाहिजेत.

"बस करा वो बाई," काका म्हणाले, "माह्याच तोंडाले पाणी सुटून राहिलं."

माझा मास्क आतून ओला झाला होता. सुकवारोबाईंनी बोलता बोलता घोट गिळला. "गिटकना नहीं!" काका आणि मी एकदम ओरडलो. त्या दचकल्या, हसल्या, आणि हसता हसताच मान झुकवून त्यांनी नळी ओठांशी धरली. नितळ, पाण्यासारखी लाळ होती. इतकी सुंदर लाळ मी त्याआधी पाहिली नव्हती, असे लिहिताना मला आईची आठवण होते. पण ते खरे आहे.

दुपारी माणसाची रेषा झोकात चढली. काकांनी टेबलावर थाप मारली. मग बराच उशिरा, जवळजवळ शेवटच्या फेऱ्यांत, दुसरीही रेषा उठली. विषाणूची. आकडा ३३.८.

इथे या धंद्यातली एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. तेहतीसच्या पुढचा आकडा म्हणजे कणभर विषाणू. तो वाढत्या आजाराची सुरुवात असू शकतो, किंवा कधीतरी नकळत होऊन गेलेल्या आजाराचे उरलेले तुकडे. तुकडा जिवंत आहे की मेलेला, हे आमचे यंत्र सांगू शकत नाही. आमच्या मर्यादेत तो बसत होता, म्हणून मी 'पॉझिटिव्ह' लिहिले. सुकवारोबाईंना फोन मीच केला. पलीकडून एवढेच आले: "अउ मैं जातेंव त?"

मी गेले असते तर? असे त्या विचारत होत्या. कदाचित काहीच झाले नसते, आणि मी एका आजीला विनाकारण अडवून ठेवले. कदाचित तसे नसेलही. वर्षानुवर्षे नमुने तपासून मी एवढेच शिकले की 'माहीत नाही' हे उत्तर लिहिताना हात जड होतो आणि तरी ते लिहावे लागते.

बाई वसाहतीतल्या वेगळ्या खोलीत राहिल्या, पण स्वस्थ बसल्या नाहीत. मिश्राजींनी नंतर सांगितले की त्यांचा आवाज भिंतीपलीकडे ऐकू येई. जावयाला व्हिडिओ कॉल लावून त्या हुकूम सोडत: "कमीज उतार! डेरा झन! नोनी ला छाती म धर!" सदरा काढ, भिऊ नकोस, पोरीला छातीशी धर. दुकालू म्हणे, माझे हात खरखरीत आहेत. त्या म्हणत, तिला हात नको आहेत, छाती हवी आहे. शेवटी परिचारिकेने बाळ त्याच्या छातीवर ठेवले. त्यानंतर तो, मिश्राजींच्या शब्दांत, "हिला ही नहीं", जागचा हललाच नाही.

आमचा सूचनाफलक बदलला. पहिल्याच ओळीत गुडाखू आला, आणि त्याखाली काकांच्या आग्रहावरून आणखी एक ओळ: 'बासी मुँह से ही दें, इसमें कोई शर्म नहीं.' मुक्या नळ्या तुरळक झाल्या. माझा शोधनिबंध लोहावर झाला नाही. गुडाखूवर झाला तो लहानसा होता. आज मी गालगुंडाच्या आणि नवजात बाळांमधल्या विषाणूंच्या लाळ-तपासण्यांवर काम करते. कुठलीही नवी पद्धत सुरू करताना यंत्र उघडण्याआधी मी नमुना देणाऱ्यांची सकाळ पाहून येते.

जुलै लागल्यावर सुकवारोबाईंनी पुन्हा नळी दिली. माणूस होता, विषाणू नव्हता. अहवाल घेऊन त्या थेट इस्पितळात गेल्या. संध्याकाळी माझा फोन वाजला. मागे वॉर्डातल्या यंत्रांची टिकटिक आणि एक बारीक रडणे.

"दीदी, दमाद ह नोनी ला छोड़बे नइ करय! कहिथे, थोरिक रुक." जावई पोरीला सोडतच नाही, जरा थांब म्हणतो. तक्रार होती, पण आवाज हसरा होता. "अभी मोर पारी आइस. नर्स ह तउल घलो डरिस. तैं लिख." नर्सने बाळाचे वजनही केले होते; तो आकडा सांगून मी तो लिहावा, असा त्यांचा हुकूम होता.

"कहाँ लिखूँ?"

"जिहाँ मोर थूक के नंबर लिखे रहे, उहें."

त्यांच्या लाळेचा आकडा होता तिथेच. आमच्या नोंदीत वजनाचा रकाना नाही. मी शेऱ्याच्या जागी, तीन दशांश स्थळांपर्यंत, लिहिले: १.६४० किलो.